बछेरीची नळी मोडली, प्लेटा टाकून अडीच महिने झाले तरी फट दिसते. कमरेचं हाड काढून भरायचं म्हणतायत, करावं का?

तापीकाठचा_घोडेवाला

नमस्कार मंडळी. आमच्याकडे मारवाडी बछेरी आहे, घरच्याच घोडीची, सव्वादोन वर्षांची, वजन तीनशे किलोच्या आसपास. दसऱ्याच्या आधी हौदावर पाणी पिताना दुसऱ्या घोडीनं लाथ घातली आणि पुढच्या उजव्या पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचं लांब हाड, मधोमध मोडली. कातडीला बोटाच्या पेराएवढीच जखम होती पण पाय लोंबत होता. गावच्या डॉक्टरांनी लगेच कापूस, बँडेज आणि पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन्ही बाजूनं बांधून दिला म्हणून ती शहरापर्यंत नीट पोचली, त्यांचे उपकार आहेत. तिथे ऑपरेशन झालं, दोन प्लेटा, भरपूर स्क्रू, वरून फायबरचं प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा चांगली उभी राहत होती, पायावर भार घेत होती, आम्हाला वाटलं जिंकलो. पण गेल्या पंधरवड्यात परत पाय उचलून धरते, म्हणजे टेकवते पण भार नको म्हणते.

परवा एक्सरे काढला. डॉक्टर म्हणाले पुढच्या बाजूनं हाड जुळत आलंय पण आतल्या बाजूला फट तशीच आहे, आणि वरून दुसऱ्या स्क्रूभोवती काळी कड दिसते. त्यांचं म्हणणं परत उघडायचं, तो स्क्रू बदलायचा आणि तिच्याच कमरेच्या हाडातला मऊ भाग खरवडून फटीत भरायचा. बोन ग्राफ्ट.

वडील म्हणतात बास झालं, जनावराला किती सोसायला लावायचं. आई रोज तिच्यापाशी जाऊन बसते. पैशाचं कसंतरी करू, पण हे हाड भरून खरंच काही होतं का? माणसाला बाजारात कृत्रिम हाड मिळतं म्हणे, ते नाही का चालत? एक पाय बरा करायला कंबर पण अधू करून ठेवायची का? ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगा, लवकर निर्णय द्यायचाय.

अकलूज_बाजार

दादा वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे जुने लोक कांडवेलीचा लेप लावायचे, हाडसांधी म्हणतात ती. आमच्या आजोबांच्या टांग्याच्या घोड्याच्या नळीला चीर गेली होती, लेप आणि बांबूच्या कामट्या बांधून महिनाभर जागेवर ठेवला तर पुढे कितीतरी वर्षं टांगा ओढला त्यानं. परत चिरफाड करण्याआधी हे करून बघा, खर्च काही नाही. आणि घोडी बसली तर उठवत जा, बसलेला घोडा गेला म्हणायचे आमच्याकडे.

नळी_ते_खूर

मी मोठ्या जनावरांची सर्जन आहे, घोड्यांच्या हाडाच्या केस करते. एक्सरे न पाहता निदान करणार नाही, पण जे लिहिलंय त्यावरून बरंच सांगता येतं.

आधी लेपाचं, कारण ते आजच कोणी करून बसेल. अकलूजच्या दादांच्या आजोबांच्या घोड्याला चीर होती, हाड सरकलेलं नव्हतं. अशी चीर जागेवर बांधून ठेवली की पुष्कळदा आपोआप भरते, त्यात गुण विश्रांतीचा आणि कामट्यांचा. इथे आत धातू आहे, वर टाके घातलेली कातडी आहे, त्यावर पाला वाटून लावला तर माती आणि जंतू सरळ प्लेटेपर्यंत जायचे. कृपा करून काही लावू नका. आणि बसली तर बसू द्या, उलट बसावी म्हणून जाड अंथरूण घाला. ती जितका वेळ बसते तितका वेळ बाकीच्या तीन पायांना आराम मिळतो. उठताच येत नसेल तर गोष्ट वेगळी.

आता मुद्दा. घोड्याला गुडघ्याखाली मांस नाहीच, कातडी, कंडरा आणि हाड, संपलं. मोडलेल्या हाडाला नव्या रक्तवाहिन्या मुख्यतः आजूबाजूच्या मांसातून मिळतात, मांडीचं हाड मोडलं तर भोवती स्नायूंचं गाठोडं असतं, नळीला ते नाही. त्यातून कातडी फुटलेली, म्हणजे जंतूंना पहिल्या दिवसापासून वाट मोकळी. त्यामुळे नळीचं हाड हळू भरतं.

पण तुमच्या बछेरीत मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. फट प्लेटांच्या विरुद्ध बाजूला आहे. त्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं नसेल तर प्रत्येक पावलाला प्लेट किंचित वाकते आणि परत सरळ होते, हजारो वेळा. धातू थकतो. आम्ही याला शर्यतच म्हणतो, आधी हाड भरतंय की आधी प्लेट तुटतेय. अडीच महिने झालेत, म्हणजे शर्यत बरीच पुढे गेलीये, आणि म्हणूनच तुमचे डॉक्टर आत्ता ग्राफ्ट म्हणतायत. थांबून बघू असं म्हणाले असते तर मी तुम्हाला दुसरीकडे विचारा म्हटलं असतं.

स्क्रूभोवतीची काळी कड म्हणजे तिथलं हाड विरघळलंय. कारणं दोनच, स्क्रू हलतोय किंवा तिथे जंतू बसलेत, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र. पंधरवड्यात भार घेणं कमी झालं हे त्याच्याशी जुळतं. बाहेर पू दिसत नाही म्हणजे आत नाही असं धरू नका.

आणि हे नीट समजून घ्या, कारण ग्राफ्टबद्दल लोकांचा गैरसमज इथेच होतो. ग्राफ्ट म्हणजे विरजण आहे. विरजण कितीही चांगलं असलं तरी भांडं हलवत राहिलं तर दही लागत नाही. फटीतली हालचाल फटीच्या रुंदीच्या दोन टक्क्यांच्या आत असेल तरच तिथे सरळ हाड बनतं, दहा टक्क्यांपर्यंत कूर्चा बनते, त्यापुढे नुसता तंतूंचा चोथा. म्हणजे फट एक मिलिमीटरची असेल तर हालचाल केसाच्या जाडीपेक्षाही कमी हवी. तीनशे किलोचं जनावर त्यावर उभं आहे. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न ग्राफ्टचा विचारू नका. पहिला विचारा की सगळं बांधकाम अजून घट्ट आहे का, एक स्क्रू बदलून भागेल की प्लेटच बदलायला लागेल. दुसरा विचारा की आत जंतू आहेत का, उघडल्यावर नमुना कल्चरला पाठवणार का, आणि असतील तर काय करणार. या दोन्हींचं उत्तर ठाम मिळालं तर ग्राफ्टला हो म्हणा.

तापीकाठचा_घोडेवाला

ताई फार आभार, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आज फोन केला होता. ते म्हणाले बाकीचे स्क्रू घट्ट दिसतात, तो एक काढून जाड स्क्रू टाकू, उघडल्यावर नमुना घेऊ, आणि अँटिबायोटिकचे मणी आत ठेवू. मण्यांचं कळलं नाही. आणि कमरेचं आणि कृत्रिम हाडाचं सांगाल का, वडिलांना तेच पटत नाहीये, म्हणतात चांगल्या जागी कशाला कापायचं.

नळी_ते_खूर

उत्तर चांगलं आहे. मणी म्हणजे बोन सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळून केलेल्या गोळ्या, दोऱ्यात ओवून फटीजवळ ठेवतात. औषध तिथल्या तिथे हळूहळू झिरपतं, इंजेक्शननं रक्तातून पोचवता येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त ताकदीचं. याच्या जोडीला आणखी एक करतात तेही विचारा, गुडघ्याच्या वर रबरी पट्टा आवळून खालच्या शिरेतून अमिकॅसिन नावाचं अँटिबायोटिक द्यायचं आणि वीसतीस मिनिटं पट्टा तसाच ठेवायचा. औषध पायातच कोंडलं जातं. घोडी उभी असतानाच गुंगीचं देऊन होतं, परत भूल नको.

आता कंबर. पुठ्ठ्याच्या पुढे बाजूला जे हाडाचं टोक वर आलेलं असतं, रोड घोड्यात लांबूनही दिसतं, ते. त्यावर कातडी कापायची, हाडाच्या कडक कवचाला ड्रिलनं खिडकी पाडायची आणि आतला जाळीदार लालसर भाग चमच्यासारख्या हत्यारानं खरवडून काढायचा. एका छोट्या वाटीत मावेल एवढा निघतो. ते टोक शरीराचा भार पेलत नाही म्हणून ती जागा निवडतात. जखमेत पाणी साठू शकतं, कधी टाके उसवतात, थोडे दिवस दुखतं. कंबर अधू होत नाही. मागच्या पायात गुडघा आणि टाचेच्या मधल्या मोठ्या हाडाच्या वरच्या टोकातूनही काढता येतं, पण तिथे खिडकी पाडली की भुलीतून उठताना ते हाडच मोडायचा धोका असतो, म्हणून मी तिथे हात घालत नाही. छातीच्या मधल्या हाडातही भरपूर मिळतं, पण त्यासाठी घोडीला पाठीवर घ्यावं लागतं.

स्वतःचंच हाड का? कारण त्यात तीन गुण एकदम असतात. जिवंत पेशी, ज्या स्वतः हाड बनवतात. प्रथिनं, जी आजूबाजूच्या पेशींना हाड बनवायला लावतात, ही गोष्ट मार्शल युरिस्ट नावाच्या अमेरिकन सर्जननं 1965 मध्ये दाखवली. आणि जाळी, जिच्या आधारानं रक्तवाहिन्या आत शिरतात. कृत्रिम पावडरी आणि खडे, कॅल्शियम फॉस्फेटवाले, यांच्यात नुसती जाळी असते. त्या वाईट नाहीत, मोठी पोकळी असेल तर स्वतःच्या हाडात मिसळून घालतात, पण नळीसारख्या गरीब जागी आणि त्यात जंतूंचा संशय असताना एकट्या घालायच्या नाहीत, जंतूंना बसायला आणखी एक घर होतं. प्रथिनं वेगळी तयार मिळतात पण तीनशे किलोच्या जनावराला लागतील तेवढ्यांचा खर्च परवडायचा नाही. अस्थिमज्जा छातीच्या हाडातून सुईनं ओढून घट्ट करून सोडणं हा एक मधला मार्ग आहे, उभ्या घोडीत होतो, पण पलीकडे हृदय आहे म्हणून अल्ट्रासाउंडवर जागा बघूनच सुई घालणारा माणूस हवा.

एक बारीक गोष्ट सांगते जी माझ्या मते अर्धं यश ठरवते. काढलेलं हाड कसं ठेवतात. सलाइनच्या वाटीत बुडवून ठेवायचं नाही, तिच्याच रक्तानं भिजलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवायचं, दिव्याखाली उघडं वाळू द्यायचं नाही, आणि शक्य तितक्या लवकर जागेवर भरायचं. म्हणजे आधी पायाचं सगळं काम उरकायचं, फट साफ करायची, स्क्रू बसवायचा, आणि मग हाड. आणि कमरेकडची हत्यारं, हातमोजे वेगळे, नाहीतर पायातले जंतू कमरेला नेऊन ठेवू. वडिलांना हे वाचून दाखवा.

सगळ्या पेशी जगत नाहीत हेही खरं, वरवरच्या जगतात, बाकी मरतात, पण त्यांच्यातली प्रथिनं आणि जाळी कामाला येतात. रक्तवाहिन्या पहिल्या काही दिवसांतच शिरायला लागतात. एक्सरेवर मात्र लगेच काही दिसणार नाही, पहिल्या दोनतीन आठवड्यांत फट उलट रुंद दिसू शकते कारण शरीर आधी मेलेल्या कडा खाऊन टाकतं. तेव्हा घाबरून फोन फिरवू नका.

चंदी_आणि_खरारा

मी पुण्यात रेसच्या तबेल्यात आहे, लहानपणापासून घोड्यांतच. डॉक्टरताईंनी हाडाचं सांगितलं, मी दुसऱ्या पायाचं सांगतो कारण आमच्याकडे मोडलेल्या पायानं घोडा जात नाही हो, चांगल्या पायानं जातो. पुढच्या डाव्या पायावर आता गेले पंधरा दिवस दुप्पट भार आहे. रोज सकाळ संध्याकाळ त्या खुरावर तळहात ठेवून बघा, दुसऱ्या खुरापेक्षा सतत गरम लागतो का. मग घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं टेकवून नाडी बघा, निरोगी घोड्यात ती शोधावी लागते, खुरात सूज असेल तर बोटाला ठणठण लागते. आणि ती एका पायावरून दुसऱ्यावर थोडा थोडा भार बदलत उभी असते ना, ते बदलणं थांबलं की समजा धोका. भार बदलल्यानंच खुरातलं रक्त फिरतं. आमच्याकडे अशा घोड्याला खुराखाली मऊ आधार लावतात, पुट्टी किंवा थर्माकोलची जाड गादी कापून चिकटपट्टीनं, आणि खाली नदीची बारीक वाळू घालतात. नालबंदाला बोलवा आणि डाव्या खुराचा पुढचा भाग कमी करून घ्या पण डॉक्टरला विचारून.

आणि खाणं. तुमच्याकडे गव्हाचा कोंडा चालतो का? चालत असेल तर बंद करा. कोंड्यात फॉस्फरस प्रचंड आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, रोज घमेलंभर कोंडा खाणारा घोडा स्वतःच्या हाडातून कॅल्शियम काढतो, जास्त झालं तर जबडा सुजून तोंड मोठं होतं. हत्तीगवत, नेपियर म्हणतो ते, त्याचंही तसंच, त्यातल्या ऑक्सॅलेटमुळे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हाड भरून काढायचंय आणि आपणच हाड पोखरायचं हे बरोबर नाही. लसूणघास द्या, चांगलं वाळलेलं गवत द्या, चंदी निम्मी करा कारण उभ्या घोड्याला एवढं धान्य लागत नाही आणि वजन वाढलं की पायावरच येतं.

तापीकाठचा_घोडेवाला

कोंडा रोज चालतो दादा, आणि हिरवं म्हणजे बांधावरचं नेपियरच. आजपासून बंद. लसूणघास शेजारच्या गावात मिळतो, उद्या आणतो. खूर बघितला, डावा किंचित कोमट वाटतो, नाडी नीट सापडली नाही.

चंदी_आणि_खरारा

नाडी सापडत नाही ही चांगली गोष्ट आहे. रोज त्याच वेळेला बघा, उन्हात उभी असताना नको.

पेनसिल्व्हेनियाची_माहेरवाशीण

मी मूळची सांगलीची, इथे घोड्यांच्या हॉस्पिटलात टेक्निशियन आहे. वरचं सगळं वाचलं आणि रात्रभर तुमची बछेरी डोक्यात होती. इथे आमच्या भागात बार्बारोचं नाव अजून निघतं. 2006 ची केंटकी डर्बी जिंकलेला घोडा, दोन आठवड्यांनी 20 मेला प्रीकनेस शर्यतीत सुरुवातीलाच मागचा उजवा पाय मोडला, घोट्याखालचं हाड वीसहून जास्त तुकड्यांत. दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरला डॉ. डीन रिचर्डसन यांनी प्लेट आणि 27 स्क्रू घालून पाय बांधला. तो मोडलेला पाय जवळजवळ जमला होता. पण जुलैत मागच्या डाव्या, चांगल्या पायाचा खूर सुजला, खुराची भिंत बहुतेक सगळी कापायला लागली, आणि 29 जानेवारी 2007 ला त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं. पुण्याचे दादा म्हणतात ते अक्षरशः तेच. मी तेव्हा इथे नव्हते पण प्रत्येक नव्या माणसाला ही केस शिकवतात.

मला भुलीतून उठण्याबद्दल सांगायचंय कारण त्याबद्दल कोणी बोललं नाही. घोडा शुद्धीवर येताना घाबरतो आणि पळायला बघतो, अर्धवट भानावर, आणि तेव्हाच केलेलं काम मोडतं. 1975 मध्ये रफियन नावाच्या घोडीचं तसंच झालं, ऑपरेशन झालं आणि जाग येताना तिनं पाय झाडून झाडून सगळं उधळलं, परत उभी करता आली नाही. बार्बारोला म्हणून पाण्याच्या टाकीत रबरी तराफ्यावर जागं केलं होतं. भारतात टाकी मिळणं अवघड, पण जाड गाद्यांची खोली, डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून बाहेरून दोन जणांनी सांभाळणं, किंवा पट्ट्यांचा झोळा, यातलं काय करणार हे विचारा. पायाला प्लास्टर परत घालूनच उठवणार ना, हेही विचारा. पहिल्या ऑपरेशनला ती कशी उठली होती?

तापीकाठचा_घोडेवाला

दोर लावून उठवली होती ताई, दुसऱ्या प्रयत्नात उभी राहिली, शांत होती. स्वभावानं गरीबच आहे ती.

नळी_ते_खूर

मग आशा आहे. एकदा नीट उठलेला घोडा बहुतेक दुसऱ्यांदाही नीट उठतो. उठवताना डॉक्टरांना तिच्या ओळखीचा माणूस हवा असेल तर कोण जाणार ते आत्ताच ठरवा.

वेदनाशामकाबद्दल एक. फिनाइलब्युटाझोन चालू असेल तर मनानं बंदही करू नका आणि वाढवूही नका. फार दिवस दिलं तर हाड बनण्याचा वेग कमी होतो, घोड्यांवरच तपासलेलं आहे, शिवाय पोटात व्रण होतात. पण दुखणं दाबलं नाही तर सगळा भार डाव्या पायावर जातो आणि तो खूर जातो. हा तोल रोज बघून डॉक्टरच ठरवणार. हो, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का कागद काढून बघा.

वडिलांच्या म्हणण्याबद्दल. त्यांचं चुकत नाही, तो प्रश्न विचारायलाच हवा आणि पुढेही विचारत राहायला हवा. माझं मत असं की आत्ता हो म्हणा, पण डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा की उघडल्यावर हाड मोठ्या प्रमाणात मेलेलं निघालं, किंवा बाकीचे स्क्रूही सैल निघाले, तर तिला भुलीतून उठवायचं नाही. हे टेबलावर फोनवरून ठरवायला लावू नका आईला. आणि डाव्या खुराला सूज आली, ती खाईना, उठेना, तर तेव्हाही थांबायचं. ती पुढे धावेल असं मी म्हणत नाही. नळी नीट भरली तर कुरणात फिरेल, शिंगरू देईल.

तापीकाठचा_घोडेवाला

वडिलांना सगळं वाचून दाखवलं. गॉजचं आणि कमरेचं दोनदा वाचायला लावलं. हो म्हणाले. तुम्ही म्हणता तसं डॉक्टरांशी आधी बोलतो, आणि उठवताना धाकटा भाऊ जाईल, ती त्याचं ऐकते. गुरुवारी निघतोय, टेम्पो ठरवलाय. जाताना कशी उभी करू? मागच्या वेळी घाईत तोंड पुढे करून नेली होती.

चंदी_आणि_खरारा

पुढचा पाय मोडलाय ना, मग तोंड मागे करून उभी करा. ब्रेक दाबला की घोड्याचा सगळा भार गाडीच्या पुढच्या दिशेला जातो, तोंड पुढे असेल तर तो मोडक्या पायावर येणार, तोंड मागे असेल तर पुठ्ठ्यावर येतो. दोन्ही बाजूंना गवताच्या पेंढ्या अशा रचा की ती अंग टेकवू शकेल. डोकं आखडून बांधू नका, मान हलवून तोल सांभाळू द्या. फळीवर वाळू आणि पोती. चढवताना उतार कमी करा, टेम्पो बांधाला किंवा उंचवट्याला लावा. निघताना मला मेसेज करा, पुण्याहून आमचा नालबंद त्या बाजूला जाणार आहे या आठवड्यात, डाव्या खुराचं तो जाऊन बघेल.

नळी_ते_खूर

पायाला गुडघ्याच्या वरपर्यंत जाड बँडेज आणि दोन बाजूंना कामट्या बांधूनच गाडीत चढवा, प्लेट आहे म्हणून मोकळा पाय नेऊ नका. आणि जुने सगळे एक्सरे तारखेप्रमाणे लावून सोबत घ्या, नुसता शेवटचा नको.